कोकणातल्या ग्रामपंचायतीचा ३१ मार्च

३१ मार्चला सकाळी कार्यालय उघडलं की आम्ही आधी पावतीपुस्तकं मोजतो, वसुलीला त्यानंतर बसतो. पंचायतीच्या प्रत्येक वहीला आणि पावतीला ठरलेला नमुना क्रमांक असतो. नमुना १० म्हणजे कराची पावती, नमुना ७ म्हणजे सामान्य पावती. दोन्हींची चालू पुस्तकं किती, वाडीवर कोणाकडे किती दिलेली आहेत, कोरी किती, आणि प्रत्येक चालू पुस्तकात शेवटची फाडलेली पावती कुठल्या क्रमांकाची, हे एका कागदावर उतरवून घ्यायचं. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती वाचवली तर रात्री दहा वाजता रोकड जुळत नाही तेव्हा कुठलं पुस्तक कोणाच्या पिशवीत राहिलं याचा शोध सुरू होतो. पाणी सोडणारा कर्मचारी एक पुस्तक घेऊन खारवीवाडीत गेलेला असतो, ते परत येईपर्यंत सगळं दप्तर अडून बसतं.

हे लिहितोय ते दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरच्या लहान ग्रामपंचायतींचं दप्तर वर्षानुवर्षं हाताळून जे कळलं त्यावरून. घाटावरच्या किंवा शहरालगतच्या पंचायतींचं गणित वेगळं असतं. आमच्याकडे निम्मी-अर्धी घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद, मालक मुंबईत, आणि आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येणार. म्हणजे वर्षअखेर नेमकी अशा वेळी येते की गावात माणूसही कमी आणि हातात पैसाही कमी. १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून चालत आलंय. ते कोकणातल्या बागायतदाराकडे बघून ठरवलेलं नव्हतं, आणि आता ते बदलणारही नाही. म्हणून आपल्या गावाच्या येण्याजाण्यावर वसुली बसवावी लागते.

गावाला येण्याचे हंगाम तीन. मे महिना, गणपती आणि शिमगा. यातला सर्वांत उपयोगाचा गणपती. ३० सप्टेंबरच्या आत कर भरला तर ५ टक्के सूट मिळते, आणि गणपती बहुधा त्याच्या आतच येऊन जातात. २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. चाकरमानी घरी असतो, घर उघडं असतं, भाऊ सगळे एकत्र असतात, आणि सूट डोळ्यांसमोर असते. ज्या पंचायतीने मेमध्ये बिलं वाटली आणि गणपतीच्या आधी वाडीवाडीवर यादी लावली, तिचा ३१ मार्च संध्याकाळी सहाला संपतो. जिने बिलंच फेब्रुवारीत काढली, तिला मार्चमध्ये कितीही फिरून उपयोग होत नाही. हे कडक वाटेल, पण इतक्या वर्षांत याला अपवाद दिसलेला नाही.

शिमगा हा शेवटचा दरवाजा. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते, त्या दिवशी प्रत्येक घर उघडं असतं. पण शिमग्याची तारीख दर वर्षी सरकते. २०२४ ला होळी २४ मार्चला होती, म्हणजे पालखी फिरत होती त्याच आठवड्यात वर्ष संपत होतं. २०२५ ला होळी १३ मार्चला आली, २०२६ ला तर मार्चच्या सुरुवातीलाच. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे २०२७ ची होळी पुन्हा २२ मार्चच्या आसपास जाते. वसुलीचं वेळापत्रक करताना दिनदर्शिका उघडून हे आधी बघून ठेवावं. शिमगा लवकर असेल तर शिबिर फेब्रुवारीच्या शेवटी लावावं लागतं. उशिरा असेल तर चाकरमानी २७-२८ तारखेपर्यंत गावात सापडतो.

एक पथ्य मात्र पाळावं. पालखी ज्या घरात बसलीय त्या घरी पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये. लोक चारचौघांत नाही म्हणत नाहीत, पण मनात धरतात, आणि पुढची दोन वर्षं कर देत नाहीत. सहाणेपासून, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापासून, थोडं लांब, शाळेच्या पडवीत किंवा सभामंडपाच्या बाहेर टेबल लावावं, वाडीची यादी भिंतीला चिकटवावी आणि बसून राहावं. यादीत फक्त मिळकत क्रमांक, नाव आणि एकूण रक्कम एवढंच असावं. थकबाकीदारांची नावं लाल शाईने रंगवून लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आम्हाला ती पटत नाही. त्यातली निम्मी नावं मृत माणसांची असतात.

आता या नावांचंच बघू, कारण मार्चमधली बहुतेक भांडणं इथून सुरू होतात. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. त्यात मिळकत, तिचं मोजमाप, बांधकामाचा प्रकार आणि बसवलेला कर असतो, आणि तिची फेरआकारणी चार वर्षांनी होते. नमुना ९ म्हणजे मागणी नोंदवही, ती दर वर्षीची. नमुना ८ वर अजून आजोबांचं नाव, आणि घरात चार चुलत भावांचे हिस्से. त्यातला एक भाऊ येतो आणि म्हणतो, माझ्या हिश्शाचे घ्या आणि पावती माझ्या नावाने द्या. पैसे जरूर घ्यावेत, अर्धवट रक्कम नाकारायची काहीच गरज नाही. पण पावती नोंदवहीत जे नाव आहे त्याच नावाने फाडायची आणि खाली ‘हस्ते’ लिहून पैसे देणाऱ्याचं नाव घालायचं. हे ‘हस्ते’ फार महत्त्वाचं आहे. पुढे वाटणीच्या दाव्यात या पावत्या बाहेर येतात आणि मग पंचायतीकडे बोट दाखवलं जातं.

त्याच वेळी शांतपणे सांगावं की नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, तो फक्त कराच्या आकारणीचा उतारा आहे. कर भरल्याने घर नावावर होत नाही आणि न भरल्याने जातही नाही. वारस नोंद हवी असेल तर अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं घेऊन एप्रिलमध्ये या म्हणावं. ३१ मार्चच्या दुपारी नावं बदलायला बसू नये, घाईत केलेला फेरफार पुढे कायमचा त्रास होतो.

दुसरा प्रकार पडलेल्या घरांचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात किती घरांची कौलं गेली, भिंती बसल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली काही घरं पुन्हा उभी राहिली नाहीत, चौथरा आणि जांभ्याचा ढीग तेवढा उरला. पण नमुना ८ वर ती उभीच आहेत, आणि दर वर्षी त्यांची मागणी निघते. मागणी फुगलेली, वसुली शून्य. अशा घरासाठी मालकाचा अर्ज घ्यावा, जागेवर जाऊन पंचनामा करावा, फोटो काढावेत, मासिक सभेत ठराव घ्यावा आणि मगच मिळकत कमी करावी. मागची साचलेली बाकी मात्र अशी एका ठरावाने पुसता येत नाही, निर्लेखनाला, म्हणजे बाकी वहीतून कायमची काढून टाकायला, वरिष्ठांची मंजुरी लागते. हे काम पावसाआधी, मे महिन्यात करावं. मालक तेव्हा गावात असतो आणि चौथऱ्यावर रान वाढलेलं नसतं.

तिसरा वाद पाणीपट्टीचा. ‘घर बंद, नळ बंद, मग पाणीपट्टी कसली?’ हा प्रश्न दर मार्चमध्ये येतो आणि विचारणाऱ्याचं अगदीच चूक असतं असं नाही. उत्तर असं की घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर हे मिळकतीवर आहेत, घर वापरा किंवा नका वापरू. नळजोडणीची पट्टी जोडणी चालू आहे तोवर लागते. जोडणी नको असेल तर लेखी अर्ज देऊन ती तोडून घ्यावी लागते, तोंडी सांगितलेलं नोंदवहीत येत नाही. पण हे उत्तर मार्चमध्ये देऊन माणूस समाधानी होत नाही. विहीर खाली गेलेली, पाणी एक दिवसाआड, आणि पंपाचं वीजबिल भरायला पैसे याच पट्टीतून यायचे. आम्ही पंपाच्या वर्षभराच्या बिलांची बेरीज आणि पाणीपट्टीच्या वर्षभराच्या वसुलीची बेरीज असे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवतो. बहुतेक गावांत पहिला आकडा मोठा असतो. ते दोन आकडे वाचून माणूस वाद घालत नाही, पैसे काढतो.

३१ तारखेकडे परत येऊ. या दिवशी एकच नियम सगळ्यावर चालतो. जमा त्या दिवशीची, ज्या दिवशी पैसा प्रत्यक्ष आला आणि पावती फाटली. ‘उद्या देतो, आजच्या तारखेत पावती करा’ ही विनंती दर वर्षी होते, ओळखीच्या माणसाकडून होते, आणि ती मान्य करायची नाही. आजच्या तारखेची पावती फाडली आणि पैसे आले नाहीत, तर तेवढी रोकड हातात दिसायला हवी, ती नसते. मग कोणीतरी खिशातून भरतो किंवा ३१ मार्चच्या रोकडवहीत खोटी शिल्लक राहते. लेखापरीक्षणात हातशिलकीचा आक्षेप लागला की तो वर्षानुवर्षं सुटत नाही.

रोख रक्कम दुपारी बाराच्या आत एकदा बँकेत भरून घ्यावी. त्या दिवशी शाखेत गर्दी असते आणि नेटवर्क जातं. किनाऱ्यावरच्या गावातून तालुक्याच्या शाखेत जाऊन येईतो दोन तास जातात. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, म्हणजे ३१ ला दुपारनंतर जमलेली रोख २ एप्रिलपर्यंत कपाटात राहणार. त्यात सुट्टी किंवा रविवार आला की आणखी एक दिवस. २०२४ ला ३१ मार्च रविवारी आला होता आणि २०२५ ला त्या दिवशी रमजान ईद होती, आदल्या दिवशी गुढीपाडवा. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांच्या शाखा दोन्ही वेळेला रिझर्व्ह बँकेने उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. पण आपलं खातं ज्या शाखेत आहे ती कोणत्या कामासाठी उघडी राहणार, भरणा घेणार का, हे आठवडाभर आधी जाऊन विचारावं. फोनवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. ईद वर्षअखेरीला आली तर मोहल्ल्यातली वसुली चार दिवस आधी उरकावी, सणाच्या दिवशी दारात जाऊ नये.

कपाटात राहिलेली रोख कशाकशाची आहे याचा कागद तिच्यासोबत ठेवावा. घरपट्टी किती, पाणीपट्टी किती, पावती क्रमांक कुठून कुठे. आणि ती कशावरही खर्च करू नये. गटार साफ करणाऱ्याची मजुरी द्यायची आहे, रोख समोर आहे, देऊन टाका, असं सहज होतं. वसूल झालेली रक्कम आधी बँकेत गेली पाहिजे आणि मगच तिथून खर्च. परस्पर खर्च हा सर्वांत जुना आणि सर्वांत टाळता येण्याजोगा आक्षेप आहे.

आता मुंबईहून येणाऱ्या पैशाबद्दल. क्यूआर कोड आल्यापासून वसुली सोपी झाली आणि हिशेब अवघड. रात्री नऊनंतर मोबाइल वाजायला लागतात. डोंबिवली, नालासोपारा, भांडुप, सगळीकडून पैसे येतात, आणि खाली शेऱ्यात फक्त ‘घरपट्टी’ लिहिलेलं असतं. कुठली वाडी, कुठली मिळकत, काही नाही. पाठवणाऱ्याचं नाव सुनेचं किंवा मुलाचं, नोंदवहीत त्या नावाचं कोणीच नाही. यावर उपाय आधीच करावा लागतो. बिलावर मिळकत क्रमांक मोठ्या अक्षरात छापावा आणि खाली लिहावं की पैसे पाठवताना शेऱ्यात हाच क्रमांक टाका. वाडीच्या मुंबई मंडळाच्या गटावर तेच टाकावं. मंडळातल्या एका जबाबदार माणसाने सगळ्यांची यादी करून क्रमांकांसह पाठवली तर फारच उत्तम. मंडळाने पैसे एकत्र गोळा करून एकरकमी पाठवले तरी चालतात, पण त्यासोबत मिळकतवार यादी हवीच, नाहीतर एका रकमेच्या चाळीस पावत्या करता येत नाहीत.

ओळख पटत नाही ती रक्कम आम्ही अनामत म्हणून नोंदवतो आणि माणूस सापडला की कराकडे वर्ग करतो. अंदाजाने कुणाच्याही नावावर जमा धरत नाही. एकाच आडनावाची अकरा घरं असलेल्या वाडीत अंदाज चुकतोच.

आणखी दोन गोष्टी इथे चुकतात. एक, क्यूआर ज्या खात्याला जोडलेला आहे ते खातं ग्रामनिधीचं, म्हणजे पंचायतीच्या मुख्य निधीचं असतं, आणि लोक त्यावरच पाणीपट्टीही पाठवतात. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं आहे. पाणीपट्टीचा भाग त्या खात्यात वळता करायला हवा आणि तो वर्षअखेरीच्या आत, नाहीतर पाणीपुरवठ्याची शिल्लक कमी आणि ग्रामनिधीची जास्त दिसते. शक्य असेल तर दोन वेगळे क्यूआर लावावेत आणि दोन्हींच्या वर मोठ्या अक्षरात लिहावं. दुसरी गोष्ट, क्यूआर कसला आहे त्यावर पैसे लगेच येतात किंवा दुसऱ्या दिवशी एकत्र जमा होतात. ३१ च्या रात्री दहाला पाठवलेले पैसे पासबुकात १ एप्रिलला दिसले तर लोक म्हणणार आम्ही मुदतीत भरले, आणि ते बरोबर आहे. पावती आम्ही व्यवहाराच्या तारखेने, व्यवहार क्रमांक टाकून करतो आणि ती रक्कम ताळमेळात ‘बँकेत यायची’ म्हणून दाखवतो. मात्र व्यवहार यशस्वी झाल्याची खूण आपल्या बाजूला दिसली पाहिजे. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही.

चेक शक्यतो २० मार्चनंतर घेऊ नयेत. घेतलाच तर वटल्यावर पक्की पावती असं आधीच सांगावं.

अर्धी रक्कम आली तर ती आधी मागील बाकीत आणि उरलेली चालू करात धरायची. समजा एका मिळकतीची मागील बाकी १,५०० आहे आणि चालू वर्षाचे घरपट्टी ६४०, दिवाबत्ती ५०, आरोग्य ५० आणि पाणीपट्टी १,२००, म्हणजे चालू १,९४०, एकूण ३,४४०. माणूस २,००० घेऊन आला. तर १,५०० बाकीत, ५०० चालूत, शिल्लक १,४४०. तो म्हणेल यंदाचे सगळे घ्या, जुनं राहू दे. तसं केलं तर जुनी बाकी कधीच हलत नाही. मुदत उलटली की घरपट्टीवर ५ टक्के दंड, ६४० वर ३२ रुपये. एवढ्याने कोणी घाबरत नाही हे मान्य करायला हवं. खरा दाब आहे तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ चा. आधी बिल, मग मागणीची नोटीस, आणि तरीही न भरल्यास जंगम मालमत्तेची जप्ती. जप्तीपर्यंत कोकणात गोष्ट क्वचित जाते, पण नोटीस दिल्याची पोच दप्तरात नसेल तर पुढची सगळी कारवाई लटकी पडते. जुनी प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवावीत, तिथे समोरासमोर बसून हप्ते ठरतात.

सदस्यांनी मात्र स्वतःचा कर आधी भरावा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य त्याच अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो, आणि निवडणुकीनंतर ही तक्रार हमखास होते. आणि एक मनापासून सांगायचं. थकबाकी आहे म्हणून जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला अडवू नये. येणे बाकी नसल्याचा दाखला बाकी असताना देता येणार नाही हे उघड आहे, पण बाकीचे दाखले ही नागरिकाची हक्काची सेवा आहे. अंत्यविधी करून आलेल्या माणसाला घरपट्टीची आठवण करून देऊन मिळवलेला पैसा पंचायतीला लागत नाही.

वसुलीवर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून खर्चाच्या बाजूच्या चुका जास्त होतात. स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हा खर्च झालेला नाही हे लक्षात येतं आणि मग घाईने खुर्च्या, भांडी, शिलाई यंत्रं घेतली जातात. ती साठा नोंदवहीत चढत नाहीत, वाटपाच्या सह्या नसतात, आणि ज्यांना हवी त्यांना मिळत नाहीत. डिसेंबरपर्यंतच्या वसुलीवर टक्के काढून जानेवारीत ठराव, फेब्रुवारीत खर्च, असा क्रम ठेवला की मार्चमध्ये फक्त शेवटच्या तीन महिन्यांचा फरक उरतो. जिल्हा ग्रामविकास निधीचं ०.२५ टक्क्याचं अंशदानही याच वेळी राहून जातं. रक्कम लहान असते म्हणून विसरते, आणि दर वर्षी आक्षेपात दिसते.

ठेकेदाराच्या बिलातून कापलेल्या रकमा, म्हणजे आयकर, १ टक्का कामगार कल्याण उपकर, रॉयल्टी, जीएसटीची कपात, या आपल्या नाहीत. त्या ज्याच्या त्याच्याकडे भरायच्या. खात्यात पडून राहिल्या की शिल्लक मोठी दिसते आणि पुढचा अर्थसंकल्प त्या खोट्या शिलकीवर बांधला जातो. चेक लिहून खर्च टाकायचा आणि चेक मात्र कपाटात ठेवायचा, हा निधी खर्ची पडल्याचं दाखवण्याचा प्रकारही करू नये. चेकची मुदत तीन महिने. जूनअखेर तो बाद होतो आणि मग उलटी नोंद करत बसावं लागतं.

वित्त आयोगाचा निधी वेगळा. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. पैसे ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या केंद्र सरकारच्या संगणक प्रणालींमधून, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत ग्रामसेवक म्हणत) यांच्या डिजिटल सहीने जातात. या सहीची मुदत कधी संपते ते जानेवारीत बघून ठेवावं. मार्चमध्ये संपली तर नवी मिळून नोंद होईतो आठवडा सहज जातो. शेवटच्या दोन दिवसांत संगणक प्रणालीवर सगळ्या राज्याचा भार असतो, पान उघडत नाही, उघडलं तर सही घेत नाही. आम्ही २५ मार्चनंतर या निधीचं एकही देयक शिल्लक ठेवत नाही. ठेवलंच तर पहाटे पाचला बसावं लागतं, तेव्हा प्रणाली बरी चालते.

संध्याकाळी सातनंतर रोकडवही. नमुना ५ मध्ये दिवसाच्या जमा-खर्चाची बेरीज, मग अखेरची शिल्लक, आणि ती शिल्लक कुठे कुठे आहे याची फोड. कुठल्या खात्यात किती, हातात रोख किती. नोटा प्रत्यक्ष मोजून, कितीच्या किती नोटा ते लिहून, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या सह्या. पाचशेच्या नोटा किती आणि शंभराच्या किती हे न लिहिता फक्त बेरीज लिहिलेला दाखला आम्ही मानत नाही.

मग बँकेशी ताळमेळ. एका खात्याचं उदाहरण घेऊ. रोकडवहीप्रमाणे शिल्लक २,१४,३५०. पासबुक म्हणतं २,३३,५७८. फरक १९,२२८. शोधल्यावर निघतं की १८,२०० चे दोन चेक दिलेत पण अजून वटलेले नाहीत, १,१४६ व्याज बँकेने जमा केलंय जे आपण लिहिलं नाही, आणि ११८ शुल्क कापलंय तेही लिहिलेलं नाही. व्याज आणि शुल्क ३१ मार्चलाच रोकडवहीत घ्यायचं, पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही. ते घेतलं की रोकडवहीची शिल्लक २,१५,३७८ होते आणि पासबुकाशी फरक नेमका १८,२०० उरतो, म्हणजे न वटलेले चेक. फरकाचं कारण रुपयापर्यंत सांगता आलं पाहिजे. ‘किरकोळ फरक’ असं लिहून सोडलेले ११८ रुपये तीन वर्षांनी कोणालाच सापडत नाहीत. पासबुक त्या दिवशी भरून मिळत नाही, म्हणून २ किंवा ३ एप्रिलला खातेउतारा आणून ताळमेळ पक्का करावा, पण कच्चा ताळमेळ त्याच रात्री करून ठेवावा. कुठला चेक कोणाला दिला हे तेव्हा डोक्यात ताजं असतं.

पावतीपुस्तकं परत घेताना रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती आहेत का बघावं. मूळ प्रत फाडून दिली आणि मग ‘रद्द’ लिहिलं तर ती रद्द होत नाही. कार्बन उलटा लागलेल्या पावत्या हमखास दोन-तीन निघतात, त्यांची स्थळप्रत कोरी असते. देणाऱ्याकडून मूळ पावतीची नक्कल मागून ती तिथे चिकटवावी, आठवणीने भरू नये. चालू पुस्तकाच्या शेवटच्या पावतीनंतर रेघ मारून तारीख आणि सही. १ एप्रिलला आम्ही नवं पुस्तक काढतो, जुन्यातल्या उरलेल्या पावत्या मोजून बाद करतो.

१ एप्रिलचं काम दिसायला कंटाळवाणं, पण वर्षाचं सगळ्यात महत्त्वाचं. नवा नमुना ९ उघडून प्रत्येक मिळकतीची बाकी पुढे ओढायची. मागील बाकी अधिक चालू मागणी, वजा वसुली, वजा दिलेली सूट, म्हणजे शिल्लक. जुन्या वहीच्या सगळ्या पानांच्या शिलकीची बेरीज आणि नव्या वहीतल्या मागील बाकीची बेरीज सारखी यायला हवी. नाही आली तर पानापानाने नाही, वाडीवाडीने तपासावं. बहुतेक वेळा चूक एकाच वाडीत असते. सरावाने कळलेल्या दोन खुणा आहेत. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर अंक उलटे लिहिले गेलेत, ५४० च्या जागी ४५०. फरक नेमका एखाद्या घराच्या बाकीएवढा असेल तर ते घर ओढायचं राहिलंय. संगणकावर मागणी तयार होत असली तरी ही बेरीज हाताने एकदा करावी. ३१ तारखेला रात्री घाईत भरलेल्या पावत्या प्रणालीत दुसऱ्याच मिळकतीवर चढलेल्या असतात आणि त्या इथेच सापडतात.

बेरीज जुळली की नवी बिलं छापायला टाकायची. वाडीनिहाय गठ्ठे, प्रत्येकावर मिळकत क्रमांक मोठा, मागे दोन्ही क्यूआर, आणि खाली ३० सप्टेंबरपर्यंतच्या ५ टक्के सवलतीची ओळ. १५ एप्रिलपर्यंत ती हातात आली पाहिजेत. तोवर आंब्याच्या पेट्या वाशीला जायला लागलेल्या असतात, आणि मुलांच्या परीक्षा संपवून पहिला चाकरमानी गावाला उतरलेला असतो.